आईचं नॉर्मल प्रेशर

झाई,
१२ नोव्हेंबर २०२४

दिपेशदादास,

हिनाचा नमस्कार. बोटीवर सगळे खुशाल असाल, आणि भांडी घासायची पाळी आली की तुझं पोट अजूनही दुखत असेल, असं धरून लिहिते. सुक्या उद्या वेरावळला तुमच्याच बोटीवर चढायला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. त्याला काही विचारू नकोस. मीच त्याला गप्प राहायला सांगितलंय. आधी हे वाच.

इकडे थंडी पडायला लागलीय. बोंबील बरे आलेत, दोऱ्या भरल्यात. या वर्षी वाळवणाचं सगळं मीच बघते. शेजारची धाकलीकाकी येते मदतीला, पण तिचं तोंड हातापेक्षा जास्त चालतं, तुला माहीतच आहे.

तू विचारशील, मग आई काय करते? फोनवर विचारलंस तेव्हा एकदा ती झोपलीय म्हणाले, एकदा उंबरगावला बाजारात गेलीय म्हणाले. दर्यावरच्या माणसाला घरचं दुखणं कळवायचं नाही, हे आईनेच शिकवलंय आपल्याला. आजी गेली तेव्हा बाबा बोटीवर होते, त्यांना किनाऱ्याला लागल्यावर कळलं. पण आता मला लिहिल्यावाचून राहवत नाही.

गणपतीच्या आधीपासून आईचं डोकं दुखायचं. गावातल्या आशा सेविका योगिताताईने घरी येऊन प्रेशर मापलं, वरचा आकडा एकशे नव्वद. म्हणाली, आजच डॉक्टरकडे न्या. बाजारातल्या डॉक्टरकडे गेलो. त्याने मापलं आणि भरल्या दवाखान्यात आईवर ओरडला, "मीठ खाता, सुकट खाता आणि मग आमच्याकडे येता!" गोळी दिली नाही. म्हणाला, "उन्हातून चालत आलात म्हणून वाढलंय. पुढच्या आठवड्यात परत या." जन्मभर मासळी खारवत आलेली बाई, मान खाली घालून ऐकत बसली. सगळे बघत होते.

त्यानंतर जेव्हा जेव्हा गेलो, प्रेशर नॉर्मल. घरी मात्र योगिताताई मापायची तेव्हा तितकंच. मी डॉक्टरला सांगितलं तर म्हणतो, "घरच्या मशिनी म्हणजे खेळणी. मोबाईलवर वाचून वाचून तुम्हीच आईला आजारी पाडाल." मी वाद घातला. आईने माझा हात दाबला. "गप बस गो. डॉक्टर काय नाय बोलतो ना, मग काय नाय." मला माझंच डोकं फिरलंय असं वाटायला लागलं.

दादा, दिवाळीच्या आधी आई बोंबलांच्या दोऱ्यांखाली पडली. उजवा हात आणि पाय गेला. तोंड वाकडं झालंय. बोलता येत नाही.

डहाणूच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "एवढं जुनं प्रेशर, मग गोळ्या कशा नाहीत?" तेव्हा धाकलीकाकी तिथेच रडायला लागली. काकीला प्रेशरची गोळी चालू आहे. डॉक्टरकडे जायचं ठरलं की आई आदल्या दिवशी एक आणि सकाळी एक, अशी तिच्याकडून गोळी मागून घ्यायची. पुन्हा ओरडा नको म्हणून. धुतलेली साडी नेसून जावं, तशी गोळी खाऊन जायची. काकीला वाटलं, डॉक्टरला ठाऊक असेल. त्या डॉक्टरने एकदाही विचारलं नाही, की बाई, काही गोळी घेता का?

मला त्याचा राग येतो, काकीचा येतो, आणि खरं सांगते, आईचा सगळ्यात जास्त येतो. मग तिला भरवायला बसले की रडू येतं.

आता तुझं. बोट सुटायच्या वेळी तुझंही डोकं दुखत होतं, नाकातून रक्त आलं होतं. ऊन लागलं म्हणालास. डॉक्टरबाई म्हणाल्या, पोरांचंही मापून घ्या, हे घरात चालत येतं. बंदराला लागलास की आधी दवाखाना गाठ. कोणाची गोळी खाऊन जाऊ नकोस. ओरडले तर ऐकून घे. काही नाही म्हणाले तर आईचं सांग, परत मापायला लाव, आणि मापल्याशिवाय खुर्ची सोडू नकोस. मग घरी ये. मला एकटीला उचलवत नाही रे तिला.

योगिताताई रोज मापायला येते. तिच्या हातात मशीन दिसली की आई डाव्या हाताने पदर सारखा करते आणि अर्ध्या तोंडाने हसते, बरी आहे असं दाखवायला.

आईचा निरोप लिहीत नाही. तिला बोलता आलं असतं तर तिने 'सगळं बरं आहे' एवढंच लिहायला लावलं असतं, आणि तू ते खरं मानलं असतंस.

तुझीच,
हिना