फ्रिजवरचे दोनशे पंचावन्न

हिंगोली, जानेवारी २००३, मंगळवार

आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रिजवर २५५ कधीपासून दिसत होतं? मला सांगता येत नाही. तापमान दाखवणारं ते यंत्र मीच बनवलेलं. नर्सबाई हसल्या, "काहून गं पोरी, दोनशे पंचावन्न अंश? भाकरी भाजू का फ्रिजात?"

मला मात्र लगेच कळलं. यंत्रातल्या आठ बिटांच्या चिपमध्ये, मायक्रोकंट्रोलरमध्ये, उणे एक आणि २५५ बायनरीत सारखेच. असेंब्ली भाषेतल्या प्रोग्राममध्ये आकडा पडद्यावर दाखवताना उणे चिन्हाचा विचारच केला नाही. उन्हाळ्यात तपासलं, शून्याखाली गेलंच नाही ना! म्हणजे फ्रिज उणे एकवर गेला, लस गोठली असेल, निकामी झाली असेल. किती लेकरांना टोचली? आणि अण्णा गावभर सांगतात, आमची पोरगी घरातली पहिली पदवीधर.

डॉक्टरांना लसी बाजूला ठेवायला लावल्या. चूक माझी, असं लिहून सही करून आले.