शेवटचं ताट

माय, आज मी शाळेत पोरांच्या पंगतीत अगदी शेवटच्या जागेवर जाऊन बसले आणि माझं ताट बराच वेळ रिकामं राहिलं. तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस, की शिकवायचं सोडून मास्तरणीचं पंगतीत काय काम? सांगते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मनासारखं भांडायला मला अजून तूच लागतेस.

पाचोडच्या पलीकडचं आपलं गाव, देवळाच्या ओसरीत भरणारी बालवाडी आणि मागच्या पत्र्याखाली तुझी चूल. मी पाच-सहा वर्षांची असेन. तू कधी मटकीची उसळ शिजवायचीस, कधी गुळाची लापशी. मी चुलीपाशीच बसलेली, त्यामुळे वास सगळ्यांत आधी माझ्या नाकात शिरायचा आणि ताट मात्र सगळ्यांत शेवटी भरायचं. पहिल्या दिवशी मी पुढं येऊन बसले, तर तू दंडाला धरून उठवलंस. 'तू माझी हायस. तुला मागून.' का, विचारलं तर म्हणालीस, 'शिजवणारीनं आपल्या लेकीचं आधी भरलं म्हनतील लोक. जा, तिकडं टोकाला बस.' माझं खाऊन होईपर्यंत तू कुणाला उठू द्यायची नाहीस, एवढाच काय तो माझा मान. एकदा पातेलं माझ्यापर्यंत पोचलंच नाही. तू उलथन्यानं तळ खरवडलास आणि करपलेली खरवड माझ्या ताटात टाकलीस. मी ताट भिरकावलं. पोरं हसली. तू सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत दिलीस. 'अन्न फेकतीस व्हय?' तेव्हापासून तुला एक सवय लागली. पहिल्या ताटात पळी रिकामी करण्याआधी तू मान वळवून पंगतीच्या टोकाला बघायचीस, माझ्याकडं. मला वाटायचं, मी परत रडतेय का ते बघतेस. मी मुद्दाम दुसरीकडं तोंड फिरवायचे.

आता माझी शाळा बजाजनगरच्या कडेला आहे. आईबाप पहाटेच कंपनीत पहिल्या पाळीला गेलेले, पोरं चहात खारी बुडवून खाऊन आलेली. दुपारी टेम्पो येतो आणि खिचडीचे डबे उतरतात. नियमानं आधी एका शिक्षकानं चव बघायची असते. आमचे मुख्याध्यापक डबा उघडल्या उघडल्या वरचा चमचाभर गरम घास तोंडात टाकतात, मान हलवतात, झालं. पहिल्या घासाला काय कळणार? ह्या वर्षी शाळा सुरू झाल्यापासून मी एक वेगळीच गोष्ट बघत होते. घंटा झाली की पोरं पळत सुटतात, पण पुढच्या जागेसाठी नाही, मागच्या. शेवटच्या जागेवरून ढकलाढकली, ओरबाडणं, एकदा तर एकाचं नाक फुटलं. मला आधी कळेचना. आम्ही लहानपणी ज्या जागेवर बसताना रडायचो, तिच्यासाठी ही मारामाऱ्या करतात?

वाढायला एक बाई असते, पोरं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. तिला विचारलं. ती डबा माझ्याकडं कलता करून म्हणाली, 'मैं क्या करूं मॅडम, इसमें जितना है उतनाच देती. पीछेवालों को नहीं पुरता. उनको पुडी.' टेम्पोतून डब्यांसोबत एक गोणीही उतरते. चकचकीत पुड्यांची. आत तिखट-मीठ लावलेल्या, फुगवलेल्या नळ्या. खिचडी कमी पडली तर उरलेल्यांना द्यायला म्हणून. आणि खिचडी आता रोज कमी पडते, कारण ती कमी पडली तर कुणीच ओरडत नाही. ज्याला मिळाली नाही तोच सगळ्यात खुश असतो. माय, लेकराच्या तोंडचा घास काढून घ्यायचा आणि त्यानंच टाळ्या वाजवायच्या, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? तुझ्या काळी चोर डाळ चोरायचा तेव्हा निदान पोर रडायचं तरी.

माझ्या वर्गात, तिसरीत, एक मुलगी आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर रोज बाकावर डोकं टेकून झोपते. परवा तिला जवळ घेऊन विचारलं, जेवलीस का. 'पुडी खाल्ली.' खिचडी का नाही? 'मॅडम, तिच्यात दाळच नसती.' मग आवाज खाली आणून, गुपित सांगावं तसं म्हणाली, 'पुडी खायची आन् वरून लई पाणी प्यायचं. मंग पोट टम्म होतं. संध्याकाळपर्यंत भूक लागत नाय. तुमी पन करून बघा.' तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. आठ वर्षांच्या पोरीनं भूक मारायची युक्ती शोधली होती आणि ती तिच्या मास्तरणीला शिकवत होती.

मी तशीच मुख्याध्यापक सरांकडं गेले. ते चहा पीत होते. म्हणाले, 'कशाला डोक्याला ताप करून घेता मॅडम? लेकरं खुश हायत. रडत खिचडी खाण्यापेक्षा हसत पुडी खाल्लेली काय वाईट?' मी म्हणाले, डबे भरून येत नाहीत, तुम्ही टेम्पोवाल्याला खडसावा. ते कप खाली ठेवून हसले. 'तुमची मुलगी कोणत्या शाळेत हाय मॅडम? डबाच नेत असंल ना?' माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते आणि तिच्या डब्यात रोज पोळी, भाजी, काकडीच्या फोडी असतात. सरांचा मुलगाही तसाच. टेम्पोवाल्याचाही असेल. ह्या डब्याच्या तळाशी आमच्यापैकी कुणाचंच लेकरू बसलेलं नाही.

जिना उतरताना मला तुझी ती वळलेली मान दिसली. तू माझ्या रडण्याकडं बघत नव्हतीस. पळी केवढी भरली तर टोकापर्यंत पुरेल, ते बघत होतीस. तिथं दुसऱ्याचं पोर असतं तर एखाद्या दिवशी तुझा अंदाज चुकला असता आणि तू तो विसरलीही असतीस. मी होते म्हणून चुकायची सोय नव्हती. मी तुझं माप होते, माय. लोकांनी ह्याला तुझा मोठेपणा म्हणावं, माझी ना नाही. पण पाच वर्षांच्या पोरीला माप करून टोकाला बसवताना तिला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही तुला? मी कितीतरी वर्षं समजत राहिले की मी नावडती आहे.

म्हणून आज घंटा झाल्यावर मी ताट घेतलं आणि शेवटच्या जागेवर बसले. ज्याची जागा गेली तो पोरगा कुरकुरला, 'मॅडम, इथं मी बसतो ना!' खाला वाढत वाढत आली. माझ्याआधीच डबा रिकामा वाजला. तिनं हसत पुडी पुढं केली. 'मॅडम को भी पुडी?' मी ती घेऊन बाजूला ठेवली आणि म्हणाले, मला जेवायचंय. 'रोजा है समझो,' ती म्हणाली. पोरं खिदळली. मी हलले नाही. हळूहळू पोरांचं खाऊन झालं, पण कुणी उठेना. शेवटच्याचं होईपर्यंत उठायचं नाही, ही तुझी रीत मीच त्यांना शिकवली होती. खरकटे हात तसेच धरून सगळी पंगत माझ्या कोऱ्या ताटाकडं बघत राहिली. खालाचं हसणं मावळलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली. सर आले. 'उठा मॅडम. पोरं बघतायत.'

'माझं व्हायचंय अजून, सर.'

'तुमच्या एका ताटापायी शाळा अडवता काय?'

'माझं एकटीचं नाही. माझ्या अलीकडच्या चौघांचंही कोरंच आहे. त्यांच्या हातात पुडी आहे म्हणून तुम्हाला दिसत नाही.'

ते व्हरांड्याच्या टोकाला जाऊन फोनवर कुणावर तरी ओरडले. बऱ्याच वेळानं टेम्पो परत आला, अर्धा डबा घेऊन. आम्ही पाच जण जेवलो. खिचडीत डाळ नव्हतीच. जाताना सर हळूच म्हणाले, 'बदलीचे दिवस जवळ आलेत मॅडम, जरा बघून.' उद्या डबा भरून येईल, असं मला वाटत नाही. उद्याही मी टोकालाच बसणार आहे, परवाही. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. त्याच्या जोरावरच तर बसणार आहे.

हे मी शाळा सुटल्यावर वर्गातच लिहिते आहे. कागद घडी घालून पर्समध्ये जाईल, दुसरं कुठं जाणार? एक मात्र सांगून टाकते. ती बाजूला ठेवलेली पुडी उठताना मी पर्समध्ये टाकली होती. पोरं गेल्यावर मी दार लोटलं, ती फोडली आणि सगळी खाल्ली. बोटांचा मसालासुद्धा चाटला. वरून बाटलीभर पाणी प्यायले. पोट टम्म झालं, ती तिसरीतली पोरगी म्हणाली होती अगदी तस्सं.

आणि माय, चवीला चांगली होती.