भर खाडीत भोंगा

ती. सौ. वहिनींना,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. हा शब्द एरवी पत्रात सवयीने पडतो, आज मात्र मी विचार करून लिहिलाय. दादाही सुखरूप आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल.

निवृत्तीनंतर दादाला घरात करमेना, जरा हवापालट होऊ दे, म्हणून तुम्ही त्याला आमच्याकडे पाठवलंत. तो आला आणि खरोखरच हवा पालटली. आमची. बॅगेत कपडे कमी आणि ड्रिल मशीन मोठं. आल्या आल्या त्याने टॉवेलला हुक मारला, छत्रीला मारला, किल्ल्यांना मारला, आणि एक नुसताच, 'पुढे लागेल' म्हणून. (त्याच्यात अडकून माझा सदरा दोनदा फाटला.) घरातल्या भिंती संपल्यावर तो माझ्याबरोबर खाडीत फेऱ्या मारणाऱ्या माझ्या लाँचवर यायला लागला. तिथे इंजिनाच्या पॅनेलखालच्या फळीवर त्याने एक पितळी हुक बसवला. दिसायला देखणा. मीही 'वा!' म्हणालो. थोरल्या भावाला धाकट्याने दुसरं काय म्हणायचं?

परवा सकाळी लाँच भरलेली होती. पलीकडच्या धक्क्याजवळ दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर, कोंबड्यांची टोपली घेतलेल्या एक आजी, आणि कामावर जाणारी मंडळी. खाडीच्या मधोमध डॉक्टरांचे हात अवघडले, तेव्हा त्यांनी आपली जड बॅग हुकाला अडकवली. दादाने अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पॅनेलवरचा भोंगा ठणाणा करायला लागला. लाल दिवा पेटला, म्हणजे इंजिन तापलं. भोंगा वाजला की इंजिन बंद करायचं, हे मी शिकलोय, म्हणून केलं. इंजिन बंद पडताच भरतीचं पाणी आम्हाला सरळ पुलाच्या खांबांकडे ओढायला लागलं. वहिनी, ते खांब मी रोज बघतो, पण इतके जाडजूड आहेत हे मला परवा कळलं. नांगर टाकला. तो चिखलातून घसरत गेला, घसरतच गेला, आणि कसाबसा अडकला तेव्हा आजी कोंबड्यांना म्हणत होत्या, "घाबरू नका गं!" (कोंबड्या शांत होत्या.)

झाकण उघडून इंजिनाला हात लावला. नेहमीइतकंच गरम, वाफ नाही, पाणी भरलेलं, तेलही बरोबर. नांगराचा भरवसा धरून गिअर न टाकता इंजिन पुन्हा चालू केलं. पाणी व्यवस्थित फिरत होतं, तरी भोंगा चालूच. म्हणजे बोंब खोटी होती. पण खोटी असली तरी तिच्याकडे कानाडोळा करून माणसं न्यायची माझी छाती होईना. उद्या खरंच तापलं तर कळणार कसं? तेवढ्यात दादाने बाह्या सरसावल्या. इंजिनावरच्या तापमानाच्या सेन्सरची वायर त्याने काढली. दिवा तसाच. "सेन्सर बिचारा निर्दोष आहे. मधे कुठेतरी वायर लोखंडाला टेकतेय," दादा म्हणाला. बरोबर बोलला. आता वायर शोधायला फळीमागे अंधार, म्हणून डॉक्टरांनी टॉर्च द्यायला बॅग खाली घेतली, आणि भोंगा थांबला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने हात जोडले. डॉक्टरांनी बॅग पुन्हा अडकवली आणि ठणाणा! मग दाताचा छोटा आरसा हवा म्हणून बॅग खाली, शांतता, टाळ्या. बॅग वर, बोंब. तिसऱ्या खेपेला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे हुकाकडे बघत होते.

डॉक्टरांनी फळीमागे आरसा धरला आणि दाढ किडल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "हुकाचा स्क्रू वायरमधून आरपार गेलाय. वजन पडलं की तो मागच्या लोखंडी पट्टीला टेकतो. हा हुक मारला कोणी?"

दादाचा चेहरा मी पाहिला. वहिनी, लहानपणी दोघांना मिळून मार बसायचा तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता. मी म्हणालो, "मीच मारला. अक्कल नाही मला."

मग आजींनी मला जे सुनावलं ते लिहीत नाही. दादाने मान खाली घालून हुक काढला, वायरला टेप गुंडाळली. भोंगा गप्प झाला. तरी तो उठेना. सेन्सरकडची वायर लोखंडाला टेकवून त्याने भोंगा एकदा मुद्दाम वाजवून पाहिला, नीट वाजतोय म्हटल्यावर वायर जागच्या जागी लावली आणि मगच नांगर काढायला सांगितलं. खांब मागे पडले, तशी मी लाँच थेट पलीकडच्या धक्क्याला लावली.

 संध्याकाळी जेवताना दादा म्हणाला, "खोटं कशाला बोललास?" मी म्हणालो, "तू तर चार दिवसांनी जाशील. मला रोज त्याच लोकांना न्यायचंय. ज्याचा भाऊ असले हुक मारतो त्याच्या लाँचमध्ये कोण बसेल? स्वतः मारणारा एकवेळ चालतो." तो असा हसला, असा हसला, की ठसका लागला. हिने पाठ चोळली. तुम्ही म्हणाला होतात ना, निवृत्त झाल्यापासून हे हसलेच नाहीत म्हणून? परवा त्याचं उट्टं निघालं.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. खरं सांगायचं तर हे पत्र मी काही तरी निमित्त काढून दादाला परत बोलवा, एवढंच कळवायला घेतलं होतं. ड्रिल तर इथे ठेवूच नका म्हणावं.

आणखी ता. क. वरचं खोडलेलं समजा. दादाला महिनाभर राहू द्या, आणि त्याचा जाड भिंगाचा चष्मा पाठवा. डॉक्टरांची दात काढायची खुर्ची आपोआप मागे जाते, ती दुरुस्त करायला त्यांनी दादाला उद्या बोलावलंय. त्याने स्वतः सदऱ्याला इस्त्री केली, सकाळपासून शीळ घालतोय. उद्याच त्या खुर्चीत माझी अक्कलदाढ काढायची होती. ती मी बेमुदत पुढे ढकलली आहे.