गोरमची झोप

डमडम
१४ जून २०२५

चि. आभास,
गुरुदत्तकाकाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. आंबे संपत आले, उकाडा मात्र भरपूर शिल्लक आहे.

तुझी मालिका घरबसल्या फुकट दिसते, असं तू म्हणाली होतीस. मला ती कितीला पडली ते ऐक. बैठकीतला गणपतीचा फोटो हलवून तिथे हत्तीएवढा टीव्ही टांगावा लागला. रविवारची दुपारची झोप गेली. आणि पहिला भाग संपल्यापासून तुझी काकू माझ्याशी इतकं मोजकं बोलू लागली, की शेजारच्या दासबाबूंनी वहिनींना बरं नाही का म्हणून विचारलं. एवढं देऊनही माल चोख निघाला, म्हणून तक्रार नाही.

आठही भाग मी पाहिले. काकू एका भागात उठली. तिचं म्हणणं, 'दगडनदी'चे सहा जाडजूड खंड जिने इंग्रजीतून वाचत वाचत तुला मराठीत सांगितले, तिला ही थट्टा बघवत नाही. पुस्तकात इला नावाडीण तीन प्रकरणं काठावर वाट पाहते, मालिकेत एकदा वळून बघते आणि खेळ खलास. दोन भावांचा एकच भाऊ करून टाकला. मी म्हटलं, अगं, सहा खंडांचं सामान आठ भागांच्या टेम्पोत भरायचं, तर काही फुटपाथवर राहणारच. शिवाय त्या पोरीचं ते एक वळून बघणं मला तरी तीन प्रकरणांच्या तोडीचं वाटलं. त्यावर तिने विचारलं, ती तीन प्रकरणं तुम्ही कधी वाचलीत म्हणून.

हे मला लागलं. तू साक्षीदार आहेस. तुझ्या आईबाबांच्या बँकेच्या बदल्या चालू होत्या आणि शाळेसाठी तू आमच्याकडे होतीस, तेव्हा दर रविवारी जेवणं झाली की काकू तुला वाचून दाखवायची आणि मी शेजारच्या खाटेवर पडून ऐकायचो. डोळे मिटलेले असत, कान नव्हे! सहाही खंड माझे ऐकून झालेत. अगं, याच कानांवर मी सियालदहचं दुकान उभं केलं. गिऱ्हाईक फोनजवळ पंप चालू करतं आणि मी इथून सांगतो, बेअरिंग गेलंय की पंखा घासतोय.

त्याच कानांनी सांगतो. चौथ्या भागात तो महाकाय गोरम नदीत डोंगरासारखा आडवा झोपलेला असतो आणि सैन्य त्याच्या छातीवरून चोरपावलांनी जातं, तेव्हा जो श्वास ऐकू येतो, तो बजबजच्या ज्यूट मिलमधला जुना पंप आहे. गेल्या दुर्गापूजेला तू आलीस तेव्हा मीच तुला तिथे नेलं होतं. तू आत यंत्रांचे आवाज टिपत होतीस, मला मात्र गेटवर बसवून ठेवलं. पण तो पंप मी पूर्वी दुरुस्त केलाय. आधी घरघर, मग अडकणं, मग बारीक शिट्टी. व्हॉल्व्ह गळतोय. लाव पैज.

लोभ चालू ठेव. खडखडला तर दुरुस्तीला मी आहेच.
तुझा,
गुरुदत्तकाका


मुंबई
२३ जून २०२५

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर कुठलीही भाषा चालेल, पण पत्र मराठीतच, हा काकूचा नियम मी अजून पाळते. या वेळच्या चुका मात्र तिच्या तांबड्या पेन्सिलीला दाखवू नका.

बजबजचे आवाज मालिकेत आहेत, पण कुठे ते सांगणार नाही. आणि पैज लावत नाही. वडीलधाऱ्यांना हरवू नये, असं तुम्हीच शिकवलंत.

काका, आता खरं सांगते. आवाजाचं हे माझं पहिलंच मोठं काम. लोकांनी नावाजलं, पुढच्या हंगामालाही मलाच विचारलंय. मी उत्तर दिलेलं नाही. काकूला पुढचे भाग पाहिलेस का विचारलं, तर ती म्हणाली, बघीन कधीतरी. तिचं 'कधीतरी' मी ओळखते. मी कारल्याच्या भाजीला तेच म्हणायचे. 'दगडनदी'चं सगळं राज्य मी आधी तिच्या तोंडून ऐकलं, पुस्तकं हातात नंतर घेतली. आम्ही ते बिघडवलंय असं तिला वाटत असेल, तर पुन्हा त्याला हात लावायला माझं मन होणार नाही. जुलैच्या मध्यापर्यंत मला कळवावं लागेल.

तिला फक्त चौथा भाग दाखवा. पुस्तकात गोरमच्या झोपेबद्दल एकच वाक्य आहे: तो झोपला होता आणि ते सगळ्यांना ऐकू येत होतं. दिग्दर्शक म्हणाले, कसं ऐकू येत होतं ते तू शोध. मला शोधावं लागलं नाही, एवढंच सांगते. तिला आधी काही बोलू नका.

तुमचं औषध वेळेवर चालू आहे ना? माया आहेच, ती मला पुरून उरो.
तुमची,
आभा


डमडम
६ जुलै २०२५

चि. आभास,
अनेक आशीर्वाद.

काम फत्ते. गिऱ्हाइकाला माल घ्या म्हणून कधी सांगू नये. आज जेवताना मी सहज म्हणालो, की चौथ्या भागात गोरम नगाऱ्याने जागा होतो, अगदी पुस्तकातल्यासारखा. काकूचा घास हातातच राहिला. नगारा? पुस्तकात नगारा कुठून आला? हात धुऊन तिने चौथा खंड काढला, पेन्सिल कानावर लावली आणि मला खोटं पाडायला टीव्हीसमोर येऊन बसली.

अर्धा भाग समासात खुणा चालू होत्या. गोरमची झोप आली आणि पेन्सिल थांबली. तिने माझ्या हातातून रिमोट घेतला, मागे नेऊन पुन्हा ऐकलं, डोळे मिटून. मग हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता पदराने डोळे पुसले. झालं काय विचारलं, तर म्हणाली, काही नाही, तुम्ही दमलात, जरा पडा. मला झोप नव्हती. तरी तिने उशी आणून दिली, टेबलफॅन माझ्याकडे वळवला, आणि तो आवाज लहान करून पुन्हा लावला. मी नुसता डोळे मिटून पडलो. उघडले तर चहा तयार होता आणि टीव्हीवर आठवा भाग चालला होता.

पास की नापास, मला सांगत नाही. तुला स्वतः लिहीन म्हणते. पंप मात्र मी पुन्हा नीट ऐकला. व्हॉल्व्हच आहे.

आठवण ठेव, नाहीतर मी ठेवतोच आहे.
तुझा,
गुरुदत्तकाका


डमडम
८ जुलै २०२५

चि. आभास,
मंदाकिनीकाकूचे शुभाशीर्वाद.

पुढच्या हंगामाला आजच हो म्हणून कळव.

आठवतं? गोरम घोरतो कसा, असं तू विचारलंस, तेव्हा मी ओठांवर बोट ठेवून शेजारच्या खाटेकडे दाखवलं होतं. नंतर कितीतरी रविवार सैन्य नदी ओलांडायचं ते ह्यांच्या घोरण्यावर. श्वास अडकला की तू माझा हात घट्ट धरायचीस, आता उठणार म्हणून. मग ती शिट्टी आली की सैन्य पुढे जायचं. पुस्तकात यातलं काहीसुद्धा नाही, आणि मी इतकी वर्षं ते पुस्तकातलंच समजत आले. तू पूजेच्या सुट्टीत गुपचूप टिपून नेलंस ना? मालिकेने पुस्तकाशी काय केलं ते केलं, आपल्या वाचनाशी ती प्रामाणिक आहे. इलाचं वाट पाहणं कापलं, ते मात्र मी माफ केलेलं नाही. तिला पुढच्या वेळी निदान वल्ह्याचा आवाज तरी मिळू दे.

सहाही खंड ऐकले, असं हे म्हणतात. दुसऱ्या पानापुढे जागे असलेले मी पाहिले नाहीत.

प्रकृतीला जप. तुझ्यावरचा जीव तसाच आहे, शंका नसावी.
तुझी,
मंदाकिनीकाकू

ता. क. काल ह्यांनी बजबजच्या मिलमध्ये फोन करून व्हॉल्व्ह बदला म्हणून बजावलं. तो पंप गेल्या पूजेच्या आधीच भंगारात गेलाय.