सई नावाचा रिकामा ड्राइव्ह

गुरुवार, संध्याकाळ. लालबाग.

कॉम्प्युटर आज पुन्हा अडकला. नऊ-दहा वर्षांचं जुनं मशीन. सी ड्राइव्ह गच्च भरलाय, ऑफिसचं काम पुढे सरकेना. कुठे जागा उरलीय का बघायला गेले, तर शंभर जीबीचा वेगळा ड्राइव्ह निघाला. त्याला नाव दिलेलं, ‘सई’. आत एकही फाईल नाही.

संदीप नुकताच कामावरून आला होता, डबा घासत होता. मी विचारलं, “ही सई कोण रे?”

नळ बंद झाला. त्याने हात पुसले. मग दारात येऊन म्हणाला, “तुला दिवस गेले होते ना, तेव्हा केला होता. मुलगी होईल असं वाटायचं. तिचे फोटो ठेवायला.”

पाचव्या महिन्यात बाळ गेलं आणि तिसऱ्या दिवशी हा कामावर गेला. डोळ्यांत टिपूस नाही. दगड आहे हा, असं मी आईला सांगितलं, बहिणीला सांगितलं, भांडणात त्याच्या तोंडावरही म्हणाले. आणि हा एकटाच नाव ठरवून बसला होता. सई. मला का नाही सांगितलं? पण मी तरी कधी विचारलं?

“काढून टाक,” तो म्हणाला. “मला नाही जमलं.”

मी काढला. ती जागा सीला जोडली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

माफी मागायची होती. तोंडातून निघालं, “मशीन आता बरं चालतंय.”

तो ‘हं’ म्हणाला आणि उरलेली भांडी घासायला गेला.