पाण्यात दिलेली हाळी

६ जानेवारी, सोमवार
राणीचं टपाल आलं. पेनड्राइव्ह तीन, हेडफोन एक, शंभर पानी वह्या दोन; खर्च तिचाच. हेडफोननं कान दुखले म्हणून आटपाडीच्या बाजारातून स्पीकर आणला, साडेतीनशे. चारशे सांगत होता.

आजपासून मीही नोकरदार! लेक कोकणच्या समुद्रात कुबड्या देवमाशांवर संशोधन करते. बोटीवर रेंज नसते, म्हणून टपाल. नर गातात; एकानं नवी चाल काढली की बाकीचेही ती उचलतात. माईक साठ फूट खाली, बोटीवरचं बोलणं त्यात येत नाही. मी ऐकून आवाजांच्या चढउताराच्या रेघा वहीत ओढायच्या. लिहिते, आई, तुझ्या वहीत कधी खाडाखोड पाहिली नाही. बिरोबाला नारळ फोडला.

९ जानेवारी
चिठ्ठीत गंमत आहे. पाण्यात आवाज सोडायचा भोंगा तपासायला काय वाजवावं सुचेना, तर पोरीनं आपल्या घरची हाळी दिली. दोन लांब, एक तुटकी, शेवटी टाळूला जीभ लावून टक्. सासऱ्यांची हाळी ही. आमची मेंढरं दुसरीला वळत नाहीत. लहानपणी राणीसुद्धा हिलाच "आले, आले" करत धावत यायची.

मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. हाळी दिली की आलेलं मोजून घ्यावं, अशी आमच्यात रीत. म्हणाल्या, "पाण्यात दिली? मग कोण आलं, त्ये मोजलं का तिनं?"

१३ जानेवारी, भोगी
भाजी करपली. दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये गाण्याच्या मध्येच दोन लांब, एक तुटकी. टक् पण. तीन वेगळे मासे, तिघांचं तेच. पोरीनं चाल शिकवली, असं मनाला सांगितलं. अंगणात मेंढरांनी चारा सोडून माना वर केल्या.

१७ जानेवारी
स्पीकर बंद होता. तरी भर दुपारी मेंढरं भोवतीचं वाघरीचं जाळं तोडून निघाली. तळ्याकडे नाही. मावळतीकडे, एका रांगेत. सासूबाई आडव्या गेल्या, मग — मग त्याही मागं चालू लागल्या. धावत जाऊन हात धरला. "सोड गं, मालक बोलावत्यात," म्हणाल्या.
मामंजींना जाऊन अकरा वर्षं झाली. हात सुटला.

२० जानेवारी
सासूबाई नाहीत. मेंढरं नाहीत. हे कुपवाडच्या कारखान्यातून सुट्टी काढून शोधायला गेलेत.
पाकीट आलं. पेनड्राइव्ह एक. चिठ्ठी नाही. पत्त्याचं अक्षर राणीचं नाही.

ऐकलं. हाळी, फार जवळून. मग राणी. हसत. "आले, आले."
माईक साठ फूट — बोटीवरचं त्यात येत नाही, तिनंच लिहिलं —

२१ जानेवारी
यांचाही फोन लागत नाही. पदर दाराच्या कडीला बांधलाय. मावळतीकडून येतेय. दोन लांब —
राणी, बाळा, हे पान फाडून टपालात टाकते. हाळीला ओ देऊ नको. माझ्या आवाजात आली तरी — गाठ सैल — उलट टपाली एकच ओळ टाक, तू पाण्याच्या वर