घराकडे तोंड केलेले बूट

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू गेल्यावर घर एकदम गप्प झालं, असं लिहायला घेतलं आणि माझं मलाच हसू आलं. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये तुझा आवाज गेला तो गेलाच, आणि आमची ठकू परक्यासमोर तोंड उघडत नाही. तुम्ही मावशी-भाची दोन दिवस पाटीवर चित्रं काढत बसलात, त्यात आवाज तो काय होणार! तरी तू गेल्यावर घर गप्प झालं, हे मात्र खरं. तू निघालीस तेव्हा ठकू पलंगाखाली जाऊन बसली, ती जेवायच्या वेळेलाच बाहेर आली.

एक विचारायचं राहिलं. निघताना दाराशी तू चपला घातल्यास आणि एकदम तुझे डोळे भरून आले. उत्तरं लिहायची तुझी पाटी तर पिशवीत गेली होती, त्यामुळे विचारून उपयोग नव्हता. काय झालं होतं गं?

आता काळजीची गोष्ट. ठकूला सांभाळणाऱ्या शेजारच्या आजी महिनाअखेर मुलाकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत. आमच्या दातांच्या लॅबचे मालक भले आहेत, पण कवळ्या काही घरी ओट्यावर बसून होत नाहीत, आणि अर्धा दिवस येणारी बाई त्यांना परवडायची नाही, हे त्यांनी हसत हसत दोनदा सांगितलं. ह्यांचं लिफ्ट दुरुस्तीचं काम; कोण कुठे अडकेल त्याचा नेम नाही. म्हणजे आता बालवाडी बघणं आलं. घरात ही साडेतीन वर्षांची बया इतकी बडबडते, की हे म्हणतात हिला एक बंद करायचं बटण बसवू या. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की ओठ शिवलेले. अशा मुलीला कुठल्या शाळेत घालू? तू सगळा जन्म लहान मुलांत काढलास. तूच सांग.

ठकूने तुला एक रेघ पाठवली आहे. ती म्हणते हा हत्ती आहे.

तुझा लोभ आहे म्हणून चाललं आहे.
तुझी,
धाकटी

१७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हत्ती पोचला. जरा रोडावलेला दिसतो, पण सुखरूप आहे.

चपलांचं आधी सांगते. दुसऱ्यांच्या जबड्याचे साचे तू इतके बारकाईने बघतेस, आणि स्वतःच्या दाराशी काय चाललंय ते तुला दिसत नाही? ठकू चपला फिरवते. जे माणूस राहावं असं वाटतं त्याच्या चपलांची तोंडं घराकडे. जे जावं असं वाटतं त्याची दाराकडे. तुझी नणंद रविवारी आली होती, तिच्या सँडल आल्याबरोबर दाराकडे वळल्या होत्या. (हे तिला सांगू नकोस, आणि जावईबापूंना तर मुळीच नको.) मी दोन दिवसांत जितक्या वेळा बाहेर जाऊन आले, तितक्या वेळा माझ्या चपला घराकडे तोंड करून ठेवलेल्या सापडल्या. निघताना मला त्या माझ्या हाताने फिरवाव्या लागल्या, आणि ती पलंगाखालून बघत होती. म्हणून डोळे भरले. आता कळलं?

शाळेचं म्हणशील तर भिंतीवरची चित्रं आणि खेळणी बघत बसू नकोस. दाराशी उभी राहा आणि मूल आत येतं तेव्हा काय होतं ते बघ. ज्यांना घाई असते ते दाराशीच कळतात. ठकू मुकी नाही, भित्रीही नाही. ती आधी बघते, मग येते. तिला बघू देणारी जागा शोध. मिळेलच असं नाही. मी स्वतः नोकरी केली त्या शाळांतही अशी जागा कधी होती, कधी नव्हती.

माझी तब्येत बरी. दूधवाला मी बहिरी आहे असं समजून ओरडून बोलतो, आणि तसं नाही हे त्याला ओरडून सांगायची सोय नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन शाळा बघून झाल्या. हातात काही नाही.

पहिली ती मोठी निळी इमारत, सगळे जिथे घालतात ती. तू म्हणालीस तशी दाराशी उभी राहिले. तिथे नियमच आहे, प्रत्येक मुलाने गेटवर थांबून आपलं नाव मोठ्याने सांगायचं, मग बाई टाळी वाजवणार आणि आत सोडणार. याने मुलं धीट होतात म्हणे. ठकूची पाळी आली. मागे रांग थांबली. बाई चांगल्या होत्या, वाकून तीनतीनदा विचारत होत्या. ठकू त्यांच्या बुटांकडे बघत उभी. शेवटी मीच नाव सांगितलं, तर बाई गोड हसून म्हणाल्या की आईने सांगितलेलं धरत नाहीत. आम्ही तशाच परत फिरलो.

दुसरी फार शांत. प्रत्येक मूल आपापल्या चटईवर, कुणी कुणाशी बोलत नाही. मला वाटलं, हीच. पण तिथल्या बाई ठकूसमोर बसून तिचं सगळं टिपत राहिल्या, तिने कुठे पाहिलं, किती वेळ पाहिलं. घरी ठकूने मला विचारलं की त्या काकू मला का काढत होत्या. तिला वाटलं तिचं चित्र काढतायत. नंतर त्यांनी कळवलं की आधी डॉक्टरांचं मत आणा.

चपलांचं तू लिहिलंस ते वाचून मी दाराशी जाऊन पाहिलं. माझ्या घराकडे होत्या. ह्यांच्याही. हे ड्यूटीवरून आले की आता आधी बुटांकडे बघतात, आणि सासरी मान मिळाल्यासारखे खूश होतात. तेवढंच हसू.

आजी महिनाअखेरीस गेल्या. मी ठकूला घेऊन लॅबमध्ये जाते. ती टेबलाखाली बसून मेणाचे तुकडे मोजते. मालक काही बोलत नाहीत, पण रोज टेबलाखाली वाकून बघतात.

मायेची आठवण ठेव.
तुझी,
धाकटी

३० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला मधे चार ओळींवर भागवलं, कारण सांगायची भीती वाटत होती. आता सांगते, पण फक्त तुला.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथे एक उंच, जाड चष्म्याच्या बाई पंधराएक मुलं सांभाळतात. बाहेर नावाची पाटीसुद्धा नाही. हे दुकानात पंक्चर काढायला गेले तेव्हा वरून गाणं ऐकू आलं, म्हणून कळलं. बूट जिन्याच्या वरच्या पायरीशी काढायचे. ठकू तिथेच बसली, बुटांपाशी. आत येईना. बाईंनी तिच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं, दार उघडं ठेवलं आणि आत निघून गेल्या. ये म्हणाल्या नाहीत, नाव विचारलं नाही. पहिला सगळा आठवडा ती स्टुलावर होती.

मग तिने बूट फिरवायला सुरुवात केली. सकाळी सगळ्यांचे आत तोंड करून. सुटायची वेळ झाली की सगळ्यांचे जिन्याकडे. बाईंनी हे माझ्या आधी ओळखलं. त्यांनी मुलांना सांगितलंय की ठकूने बूट फिरवल्याशिवाय शाळा सुटत नाही. मुलं तिची वाट बघत दाराशी उभी राहतात गं! कुणाचा बूट कुठला हे तिला न बघता कळतं. गेल्या मंगळवारी एक कुरळ्या केसांची मुलगी दुसरीचाच बूट पायात घालत होती, तेव्हा ठकू म्हणाली, तो नाही, तो. एवढंच. पण उंबऱ्याबाहेर म्हणाली. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत की कुणाला बोलावलं नाही. मला जिन्यात गाठून कानात सांगितलं आणि त्यांचाच चष्मा धुरकट झाला.

आता ती दुपारी आत जाऊन बसते, दाराजवळच्या कोपऱ्यात. मी दिवसभर लॅबमध्ये असते. काल एका गृहस्थांची पूर्ण कवळी एका फटक्यात बसली. दिवसच तसे आहेत.

लोभ वाढला तर मी नको म्हणणार नाही.
तुझी,
धाकटी

८ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि ठकूताईला एक मोठी पापी.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि पाचव्या वेळी वाचवेना. त्या चष्मेवाल्या बाईंचे पाय धुवून पाणी प्यायला हवं. इतकी वर्षं आम्ही शिक्षिका एकमेकींना सांगत आलो की मुलाला बोलतं करा, आणि या बाईंनी नुसतं स्टूल ठेवलं!

आवाज गेल्यापासून पहिल्यांदाच मला जगाला काहीतरी सांगावंसं वाटतंय. आम्हा शिक्षिकांचं एक मासिक पत्रक निघतं, तुला माहीत आहे. तुझ्यासाठी एक गंमत करते आहे. अंक छापून आला की पाठवीन. आत्ता विचारू नकोस.

जावईबापूंचे बूट कुठल्या दिशेला आहेत ते कळव.

तुम्हा तिघांवर माझी माया आहेच, तिच्यावर वजन टाकत जा.
ताई

१४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अंक मिळाला ना? तुझं काहीच उत्तर नाही. ठकू बरी आहे ना? दोन ओळी टाक.

ताई

२१ जून

ताईस,
नमस्कार.

अंक मिळाला. आमच्या आधी तो निळ्या शाळेतल्या एका शिक्षिकेला मिळाला होता. तिची स्वतःची मुलगी चष्मेवाल्या बाईंकडे येते. तीच कुरळ्या केसांची.

तू कुणाचं नाव लिहिलं नव्हतंस हे मला मान्य आहे. पण सायकलच्या दुकानावरची शाळा इथे एकच आहे. तू फार सुंदर लिहिलं आहेस. बाई बोलायला लावत नाहीत, वर्गात बसायला लावत नाहीत, एका न बोलणाऱ्या मुलीच्या हाती सगळ्यांचे बूट सोपवले आहेत. तू कौतुक म्हणून लिहिलंस. इथल्या पालकांनी तेच दुसऱ्या अर्थाने वाचलं. सकाळी जिन्यात सगळे पालक जमले होते आणि त्या शिक्षिकेने अंक उघडून मोठ्याने वाचला. कुणी विचारलं की आमची मुलं इथे शिकायला येतात की वेळ घालवायला. एक गृहस्थ म्हणाले की एका मुक्या पोरीला बाईंनी बूट उचलायला बसवलंय, आणि वर त्याचं कौतुक छापून आणलंय. ठकू स्टुलावरच होती. तिच्या हातात त्याच गृहस्थांच्या मुलाचा बूट होता. त्यांनी तो काढून घेतला.

आठवडाभरात मुलं गळत गेली. चार उरली. चार मुलांवर खोल्यांचं भाडं निघत नाही, म्हणून शाळा बंद झाली. मी बाईंची माफी मागायला गेले, तर त्यांनीच मला बसवलं आणि म्हणाल्या की लिहिणारीने खोटं काहीच लिहिलेलं नाही. तुझ्यावर राग धरू नये असंही म्हणाल्या. मला ते जमत नाहीये. पुढे जमेल.

धाकटी

२८ जून

चि. धाकटीस,

काय लिहू? कागद घेते आणि ठेवते. मला वाटलं होतं, दहाजणींनी वाचलं तर दहा ठिकाणी दाराशी स्टूल येईल. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस हे मला ठाऊक होतं. म्हणजे मी जाणूनच केलं.

त्या बाईंना पत्र घातलं आहे. पत्रकालाही लिहिलं, पण काय दुरुस्त करायचं हे त्यांना कळत नाही, आणि मला सांगता येत नाही.

ठकूला माझ्याकडे पाठव. वर्षभर ठेवते. इथे तिला कुणी बोल म्हणणार नाही.

ताई

१९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

ठकूला नाही पाठवू शकत. तिच्याशिवाय आम्हाला घरात राहता येणार नाही हे एक, आणि तुझी तपासणी अजून दर महिन्याला असते हे दुसरं. रागावून लिहीत नाही. हे म्हणाले की ताईंना तसं स्पष्ट लिही, म्हणून लिहिलं.

लॅबमध्ये टेबलाखाली बसवणं बंद झालं. पॉलिशच्या मशीनपाशी मूल नको, हे मालकांचं बरोबरच आहे. त्या शांत शाळेला हवं ते डॉक्टरांचं मत आम्ही आणलं. त्यात लिहिलंय की मुलीला वेळ द्या. ते वाचून त्यांनी पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं. निळ्या इमारतीत जागा आहे. सोमवारपासून.

गेटवर नाव सांगेपर्यंत आत सोडत नाहीत, पण मी बोलून पाहिलं, तेव्हा इतकं कबूल केलं की ठकूने सगळ्यांचं होईपर्यंत बाजूला थांबावं, आणि शेवटी पुन्हा विचारतील. बाजूला म्हणजे भिंतीशी. तिथे स्टूल नाही. बूटही नाहीत. तिथे मुलं बूट काढत नाहीत.

लोभ आहे का विचारत नाही, असेलच.
धाकटी

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायला उशीर झाला, आता त्यात राग नव्हता. सांगण्यासारखं चांगलं काही साठेल म्हणून थांबले होते.

शाळा म्हणते चांगलं चाललं आहे. आधी बरेच दिवस ठकू भिंतीशी उभी असायची. रोज सकाळी मला तिचे बूट घराकडे तोंड करून ठेवलेले सापडायचे. मी काही न बोलता ते फिरवायची, तिचे पाय आत घालायची आणि आम्ही निघायचो. रात्री ते पुन्हा वळलेले असायचे.

मग गेल्या महिन्यात एका सकाळी गेटवर तिने नाव सांगितलं. रांगेतल्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आणि स्वतःचं न वाटावं अशा आवाजात. बाईंनी टाळी वाजवली, छातीवर चांदणी चिकटवली. तेव्हापासून रोज सांगते. वर्गात गाणी म्हणते, हात वर करते. मुख्याध्यापिकांनी मला मुद्दाम बोलावून अभिनंदन केलं. त्या मनापासून बोलत होत्या गं, मी काय म्हणणार?

घरात मात्र बोलणं आटत गेलं. पाणी हवं असलं तर पेला पुढे करते. तुझ्यासाठी हत्ती काढ म्हटलं तर नकारार्थी मान हलवते. बटणाची चेष्टा हे आता करत नाहीत. चुकीची कवळी वापरत राहिलं तर हळूहळू हिरडीच झिजून तिच्या मापाची होते, आणि मग माणूस सांगत येतो की आता छान बसली. आम्ही लॅबमध्ये त्याला हो म्हणतो.

सुट्टीत तू येऊ का म्हणून विचारलं आहेस. ये. तुझ्या चपलांचं मात्र मला काही सांगता येणार नाही.

काल सकाळी उठून पाहिलं तर ठकूचे बूट दाराकडे तोंड करून ठेवलेले होते. मी फिरवले नव्हते, ह्यांनीही नाही. एकमेकांना चिकटवून, अगदी सरळ. हे म्हणाले, रुळली बाई एकदाची, आणि मग वाकून स्वतःच्या चपलांकडे बघू लागले. शेजारी आमच्या दोघांच्या चपला जशा काढल्या तशाच पडल्या होत्या. त्यांना तिने हात लावला नव्हता.

लोभ असू दे, इथे तो लागतो आहे.
तुझी,
धाकटी